सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार, ते मोबाइलच्या खोक्यावर छापा

मोबाइल घेताना आपण कॅमेरा विचारतो, बॅटरी विचारतो, किती जीबी ते विचारतो. या फोनला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे सहसा विचारत नाही आणि विचारले तरी दुकानदाराला ते सांगता येत नाही. ही तारीख खोक्यावर छापणे कायद्याने सक्तीचे झाले पाहिजे, अशी माझी मागणी आहे. ती का, हे दहा वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणावरून नीट कळते.

१. जानेवारी २०१६ मध्ये पर्सेप्शन पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी लिनक्स कर्नलमधली एक त्रुटी जाहीर केली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०१६-०७२८. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या अ‍ॅपला कोणती मेमरी, कोणती फाइल, कोणते नेटवर्क वापरू द्यायचे, याचा शेवटचा निर्णय तोच करतो. अँड्रॉइड फोन याच लिनक्स कर्नलवर चालतात. ही त्रुटी फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून होती. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे ती तशीच पडून होती.

२. त्रुटी नेमकी काय होती, हे समजून घेण्यासारखे आहे. पासवर्ड आणि सांकेतिक किल्ल्या ठेवायला कर्नलमध्ये ‘कीरिंग’ नावाची सोय असते. एखादे कीरिंग सध्या किती ठिकाणी वापरात आहे, याचा आकडा कर्नल ठेवतो. वापर सुरू झाला की आकडा एकने वाढवायचा, संपला की एकने कमी करायचा आणि शून्य झाला की ती मेमरी मोकळी करायची. पण एखाद्या प्रोग्रॅमने आपल्याकडे आधीपासून असलेलेच कीरिंग पुन्हा मागितले, तर आकडा वाढायचा आणि कमी करायचे राहून जायचे. याला लीक म्हणतात. एवढ्यावर थांबले असते तर थोडी मेमरी अडकून पडली असती, बाकी काही बिघडले नसते. पण हा आकडा ३२ बिटांचा होता. तेच मागणे सुमारे ४२९ कोटी वेळा केले, की जुन्या स्कूटरचे किलोमीटरचे मीटर सगळे नऊ संपल्यावर शून्यावर यावे, तसा तो शून्यावर यायचा. कीरिंग आता कोणीच वापरत नाही, असे समजून कर्नल ती मेमरी मोकळी करायचा. प्रोग्रॅमकडे मात्र त्या जागेचा पत्ता शिल्लक असायचा. हल्लेखोराने तिथे आपला मजकूर भरला, की कर्नल त्यालाच खरे मानून चालायचा आणि एका साध्या प्रोग्रॅमला सगळ्या यंत्रणेची मालकी मिळायची. संशोधकांच्या साध्या इंटेल संगणकावर एवढे व्हायला सुमारे अर्धा तास लागला.

दुरुस्ती केवढी होती? राहून गेलेली वजाबाकी करणारी, की-पुट हे फंक्शन बोलावणारी एक ओळ.

३. लिनक्सच्या प्रोग्रॅमरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी त्रुटी लपवली नाही, दुरुस्ती लगेच खुली केली. २०१७ मध्ये आलेल्या ४.११ या आवृत्तीत तर असे आकडे ठेवायची नवी पद्धतच आणली. तिच्यात आकडा कमाल मर्यादेला पोचला की तिथेच थांबतो, उलटून शून्यावर येत नाही. कोड लिहिणाऱ्यांनी आपले काम केले.

४. दुखणे पुढेच आहे. अँड्रॉइडची ६६ टक्के उपकरणे धोक्यात आहेत, असे संशोधकांचे म्हणणे होते. गूगलने ते खोडून काढले: अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या अनेक फोनांच्या कर्नलमध्ये ही त्रुटी आलेलीच नाही आणि ५.० पासूनच्या फोनांत एसई-लिनक्स हे संरक्षण बाहेरच्या अ‍ॅपला तिथपर्यंत पोचू देत नाही. मला गूगलचा मुद्दा जास्त पटतो. पण वाद कोणाचाही खरा असो, ज्याच्या खिशात फोन होता त्याला आपला फोन कोणत्या बाजूला आहे हे कसे कळणार होते? गूगलने दुरुस्ती फोन कंपन्यांना दिली. ती आपल्या मॉडेलमध्ये बसवायची, तपासायची आणि ग्राहकापर्यंत पोचवायची, हे काम प्रत्येक कंपनीचे. कंपनीने त्या मॉडेलकडे पाठ फिरवली असेल, तर ती एक ओळ त्या फोनपर्यंत कधीच पोचत नाही. आणि फोन चालूच राहतो! बंद पडला असता तर निदान कळले तरी असते.

५. आपल्याकडे हा प्रश्न फक्त हौशी ग्राहकांचा नाही. यूपीआय, डिजिलॉकर, सातबारा, बँकेचा ओटीपी, सगळे त्याच फोनवर येते. सरकार स्वतः फोन विकत घेऊन कर्मचाऱ्यांना देते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, ते आठवा. फोन सारखे हँग होतात, मेमरी पुरत नाही, वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च आपल्याच माथी येतो, या त्यांच्या तक्रारी रास्त होत्या. हे सगळे डोळ्यांना दिसणारे दोष. सुरक्षा अपडेट थांबल्याचा दोष दिसत नाही आणि या फोनवर तर गरोदर माता आणि लहान मुलांच्या नोंदी असतात. निविदेत रॅम किती, बॅटरी किती हे लिहितात, तशी सुरक्षा अपडेटची किमान वर्षे ही अटही लिहिली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरे.

६. बाहेर हे सुरू झाले आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला सुरक्षा अपडेटची किमान मुदत जाहीर करावीच लागते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आणखी कडक आहे: त्या मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध ठेवायचे.

७. आपल्याकडे चौकट तयार आहे. वैध मापन कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीचा संपर्क छापावाच लागतो. त्याच चौकोनात एक ओळ वाढवा: ‘सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक वर्षापर्यंत’. ‘चार वर्षे’ असे मोघम नको. वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजायची की घेतल्यापासून, या घोळात ग्राहकच फसतो. तारीखच हवी. ती पाळली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येईल.

८. स्वस्त फोन महाग होतील, असा आक्षेप येईल. थोडे होतीलही. पण मी इथे मुदत लांबवायला सांगत नाही, ती सांगायला सांगतो आहे. आठ हजारांच्या फोनला दीडच वर्ष अपडेट मिळणार असतील, तर तसे छापा. घ्यायचा की नाही, ते गिऱ्हाईक ठरवेल. सर्वांत स्वस्त फोन घेणाऱ्याच्या खात्यातला पैसा कमी जपायचा असतो का?

९. आज एवढे करा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहा. ती वर्षापूर्वीची असेल आणि नवे अपडेट मिळत नसेल, तर बँकेचे व्यवहार त्या फोनवरून करू नका. पुढचा फोन घेताना दुकानात अपडेटची शेवटची तारीख विचारा. सांगता आली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा आणि ही तारीख खोक्यावर हवी असे नोंदवा.