हेडफोन घेण्याआधी घर पाहा

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. गिऱ्हाईक गादीवर येऊन बसले की आधी भाव सांगायचा नाही. कपडा कशासाठी हवा, हे विचारायचे. शेरवानीचा कपडा वेगळा, रोजच्या कुर्त्याचा वेगळा. गिऱ्हाइकाची गरज कळल्याशिवाय थान उलगडणारा दुकानदार स्वतःची मेहनत वाया घालवतो आणि गिऱ्हाइकाचा पैसाही.

ही रीत आज एका नव्या मालाला लावून पाहण्याची गरज आहे. आपल्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत), अनेक घरांत मुलांकडे कॉम्प्युटर आले आहेत. त्यावर 'व्हॅलोरंट', 'काउंटर-स्ट्राइक' यांसारखे खेळ चालतात आणि मुले वडिलांकडे हेडफोनसाठी पाच, दहा, पंधरा हजार रुपये मागतात. खेळ म्हटला की काही बुजुर्गांना जुगार आठवतो. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०२५ मध्ये झाला, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊ शहरात झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकेही होती. मुलाने किती वेळ खेळावे, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. इथे प्रश्न एवढाच आहे की खर्च करायचाच ठरला, तर तो अकलेने कसा करावा.

ओपन-बॅक म्हणजे काय?

हेडफोन मुख्यतः दोन जातींचे. एकाची पाठ बंद असते, दुसऱ्याच्या पाठीला जाळी असते. या दुसऱ्याला ओपन-बॅक म्हणतात. जर्मनीच्या सेन्हायझर कंपनीने १९६८ मध्ये 'एचडी ४१४' हा असा पहिला हेडफोन बाजारात आणला.

कानाजवळचा पडदा हलतो तेव्हा आवाज पुढे जातो तसा मागेही जातो. पाठ बंद असेल तर मागचा आवाज आतच घुमतो. जाळी असेल तर तो बाहेर निघून जातो. त्यामुळे आवाज मोकळा वाटतो, डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. खेळात शत्रूची पावले डावीकडून येतात की मागून, हे ओळखणे मुलांना सोपे जाते ते यामुळे. धमाक्याचा दणका मात्र बंद हेडफोनपेक्षा कमी लागतो. मुलाला दणकाच हवा असेल तर ओपन-बॅकच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा फायदा कापडवाल्याला लगेच समजेल. ओपन-बॅकच्या गाद्या बहुतेक मखमलीच्या किंवा कापडाच्या असतात, स्वस्त बंद हेडफोनच्या रेक्झिनच्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. रेक्झिनमध्ये कान तासाभरात घामाने भिजतो, आणि दोन उन्हाळ्यांत ते रेक्झिन पापुद्रे सोडू लागते.

आधी घर, मग माल

पण जी जाळी आवाज बाहेर सोडते, तीच बाहेरचा आवाज आत घेते. ओपन-बॅकचा खरा ऐब हा आहे, आणि तो खोक्यावर कधीच मोठ्या अक्षरांत छापलेला नसतो.

परदेशातली शिफारस वाचून मुले हा हेडफोन मागतात. तिथे मुलाला स्वतःची खोली असते, दार लागते, कूलर नसतो. आपल्याकडे किराडपुऱ्यात, रोशन गेटला, शहागंजात घराला घर लागून आहे. एका खोलीत आजी झोपलेली, दुसरीकडे बहीण परीक्षेचा अभ्यास करते, वर कूलरची घरघर आणि खाली रिक्षांचे हॉर्न. अशा घरात ओपन-बॅक आला की दोन गोष्टी होतात. रात्री खेळातल्या गोळीबाराने आजीची झोप मोडते. आणि कूलरवर मात करण्यासाठी मुलगा आवाज वाढवत नेतो.

ही दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८० ला ४० तास, तर ८३ ला २० आणि ८६ ला फक्त १०. कानाची नस एकदा गेली की ती दुरुस्त होत नाही.

म्हणून माझे मत साफ आहे. खेळणाऱ्याला दार लावता येईल अशी शांत जागा असेल तर ओपन-बॅक घ्यावा. नसेल तर कापडी गादीचा साधा बंद हेडफोन घ्यावा आणि मधूनमधून कानाला विश्रांती द्यावी. 'चांगला माल' आणि 'आपल्या घराला चांगला माल' यात फरक आहे.

खोक्यावरची अक्षरे

बाजारात 'गेमिंग' असे लिहून, रंगीत दिवे लावून जो माल येतो, त्यात दिव्यांचेही पैसे आपणच भरतो. दिव्यांनी आवाज सुधारत नाही. '७.१' हा आकडाही असाच. अशा बहुतेक हेडफोनांत प्रत्येक कानाला एकच पडदा असतो. सात बाजूंचा भास कॉम्प्युटरमधला प्रोग्राम करतो. तसा प्रोग्राम, 'विंडोज सोनिक', विंडोजमध्ये फुकट मिळतो. 'व्हॅलोरंट'मध्ये तर ही सोय खेळाच्या सेटिंगमध्येच आहे. फक्त दोन्ही एकाच वेळी चालू करू नयेत, आवाज बिघडतो.

खोक्यावरचा कामाचा आकडा ओहमचा. ढोबळ हिशेब असा, की ३२ ते ५० ओहमचा हेडफोन कॉम्प्युटरच्या साध्या जॅकवर सहसा चालतो. फिलिप्सचा 'एसएचपी ९५००' ३२ ओहमचा आहे, ऑडिओ-टेक्निकाचा 'एडी ७००एक्स' ३८ चा. सेन्हायझरचा 'एचडी ५६०एस' १२० ओहमचा आहे, तो जास्त ताकद मागतो. बायरडायनॅमिकचा नावाजलेला 'डीटी ९९० प्रो' २५० ओहमचा घेतला तर वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. अॅम्प्लिफायरचे पैसे न धरता तो घेणे म्हणजे कपडा घ्यायचा आणि शिलाई विसरायची.

या चारही हेडफोनांना बोलण्याचा माइक नाही. कॉलरला लावायचा साधा माइक वेगळा घ्यावा. तो बिघडला तर एकटा बदलता येतो, हेडफोन वाचतो. वायर निघणारी आणि गादी बदलता येणारी असेल तर उत्तम. आणि जाळीत धूळ बसते, म्हणून काम झाले की हेडफोनवर कापड टाकून ठेवावे. पुढच्या जॅकमध्ये खरखर येत असेल तर आधी मागचा जॅक वापरून पाहावा, मग हेडफोनला दोष द्यावा.

दुकानदार बंधूंना दोन शब्द

आपले अनेक तरुण मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या मालाच्या धंद्यात उतरले आहेत. त्यांची तक्रार असते की गिऱ्हाईक दुकानात वस्तू बघते आणि मोबाइलवर मागवते. तक्रार खरी आहे. पण मोबाइल एक काम करू शकत नाही. तो गिऱ्हाइकाला विचारत नाही की, 'भाई, घरात कूलर कुठे आहे?'

हा प्रश्न विचारणारा दुकानदार टिकेल. त्याने एक ओपन-बॅक आणि एक बंद नमुना काउंटरवर उघडा ठेवावा, कानाला लावू द्यावा, आणि मालाचा ऐब गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगावा. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव लिहावे. परदेशी मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि कमाल किंमत छापलेली असावी, हा वजन-माप कायद्याचा नियम आहे. ज्यावर ते नाही, तो माल दुकानात ठेवू नये. हेडफोनवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवण्यासाठी कच्ची पावती घेणाऱ्या गिऱ्हाइकाला वॉरंटीच्या वेळी दाखवायला कागद उरत नाही, हे त्याला आधीच सांगावे. आणि व्यापारी वडिलांनीही मुलाच्या हेडफोनचे बिल दुकानाच्या खर्चात घालून जीएसटीचे क्रेडिट घेऊ नये. घरगुती वापराच्या वस्तूवर ते मिळत नाही.

या शहराने हे एकदा भोगले आहे. यंत्रावर निघालेली शाल हिमरू म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारली गेली. विकणाऱ्याला त्या दिवशी नफा झाला, पण गिऱ्हाइकाचा हिमरूवरचा विश्वास उडाला आणि हातमागावर बसलेल्या कारागिराच्या पोटावर पाय आला. जाणता माणूस शाल उलटवून पाठीमागचे सुटे धागे बघत असे. बाकीचे वरच्या चमकेवर जात. हेडफोनच्या बाजारात आज बहुतेक गिऱ्हाईक चमकेवरच जाते. त्याला वस्तू उलटवून दाखवणे हे दुकानदाराचे काम आहे. आपल्या मुलांनी हा धंदा हातात घेतला आहे, तर त्यांनी तो या रीतीने करावा.