‘हर-टू २+’ : हा रिपोर्ट अजून अपुरा आहे

स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट घेऊन येणारे नातेवाईक मला हमखास एक प्रश्न विचारतात. "डॉक्टर, हर-टू टू प्लस आलंय. थ्री प्लसपेक्षा बरंच की, नाही का?" त्यांना वाटते की हा मधुमेहाच्या साखरेसारखा आकडा आहे, कमी तितका चांगला. तसे नाही. २+ चा अर्थ एवढाच की प्रयोगशाळेला अजून ठरवता आलेले नाही.

हर-टू हे पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असणारे एक प्रथिन आहे. ‘वाढा’ असा निरोप पेशीच्या आत पोचवणे हे त्याचे काम. निरोगी पेशीवरही ते असते, पण मोजके. स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण १५ ते २० जणांच्या गाठीत या प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती तयार होतात आणि पेशीचे आवरण हर-टूने भरून जाते. मग वाढीचा निरोप थांबतच नाही. अशा गाठी झपाट्याने वाढतात, हे १९८७ मध्ये डॉ. डेनिस स्लेमन यांच्या संशोधनातून पुढे आले. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते नेमके याच प्रथिनाला जाऊन चिकटते. एके काळी ज्या गाठीची सर्वांत जास्त धास्ती वाटायची, तिच्यावर आज नेम धरून इलाज करता येतो. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून लगेच हातपाय गाळू नका.

तपासणीत तुकड्याला रंग देऊन ०, १+, २+ किंवा ३+ असे उत्तर देतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ आले की ‘फिश’ नावाची पुढची तपासणी करावी लागते. तिच्यात जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजतात.

आणि घोडे इथेच अडते. फिश प्रत्येक गावात होत नाही, वेगळे पैसे पडतात आणि घरच्यांना वाटते, एकदा तपासणी झाली की, आता पुन्हा कशाला? तोवर केमोची तारीख ठरलेली असते. माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या तपासणीचे पैसे घेतानाच ‘२+ आले तर फिश लागेल’ हे रुग्णाला सांगायला हवे. फिश टाळून पॉझिटिव्ह रुग्णाला निगेटिव्ह धरले, तर तिच्या उपयोगाचे औषध तिला मिळतच नाही. उलट झाले, तर साधारण वर्षभर चालणारे महागडे उपचार वाया जातात, शिवाय हृदयावर ताण येण्याचा धोका. हे औषध चालू असताना मधूनमधून इको करतात तो त्यासाठीच.

आणखी एक. गाठ कापून काढायची घाई करू नका. आधी सुईने तुकडा घेऊन हर-टूचा निकाल हाती आला पाहिजे. कारण गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत पसरली असेल, तर हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांना बहुतेक वेळा औषधे आधी आणि शस्त्रक्रिया नंतर असा क्रम ठेवतात.

(हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधल्या रक्ताच्या ‘ट्यूमर मार्कर’ तपासण्यांशी याचा संबंध नाही. निरोगी माणसाने त्या करून स्वतःची झोप उडवून घेऊ नये.)

खर्चाचे म्हणाल, तर भारतीय कंपन्यांची ट्रॅस्टुझुमॅबची बायोसिमिलर औषधे आल्यापासून किंमत उतरली आहे, तरी सामान्य घराला ती जडच जाते. सरकारी योजनेत काय बसते ते कर्करोग रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधीच विचारा.

फिशसाठी बहुधा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. तुमच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो. रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर दाखवून तो मागून घ्या.