पाठ केलेले स्वमत

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी बहिणीच्या घरी गेलो असता, दहावीच्या परीक्षेस बसणारी माझी भाची खिडकीपाशी मांडी घालून, डोळे मिटून काहीतरी घोकीत बसली होती; आणि माझ्या कानांवर पडलेले पहिलेच वाक्य असे होते की, ‘मला अगदी मनापासून वाटते की, परिश्रमाला पर्याय नाही.’ जी गोष्ट मनापासून वाटते ती तीनतीनदा घोकावी का लागते, असा प्रश्न मला पडला व मी तो तिला विचारला. तेव्हा तिने मोठ्या शांतपणे खुलासा केला, ‘मामा, हे स्वमत आहे. गाइडमध्ये दिलंय. अशी आठ-दहा पाठ केली की झालं.’

ज्यांना शाळा सोडून पुष्कळ वर्षे झाली आहेत त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, आता मराठीच्या प्रश्नपत्रिकेस ‘कृतिपत्रिका’ म्हणतात, आणि तीत उताऱ्याच्या आकलनाखेरीज ‘स्वमत’ नावाची एक कृती असते. मुलांनी दुसऱ्याची वाक्ये उतरवून न काढता स्वतः काही विचार करावा, हा तिच्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य आहे. परंतु ज्या दिवशी स्वमताला गुण ठेवले गेले, त्याच दिवशी स्वमताचा बाजार उघडला. आणि आज कोण्या अज्ञात गाइडलेखकाचे मत हजारो मुले आपले म्हणून उत्तरपत्रिकेत लिहितात, तपासनीस ते ओळखतो, आणि ओळखूनही गुण देतो, कारण त्याच्यापुढे गठ्ठा असतो व मुदत ठरलेली असते. या व्यवहारात खोटे कोणीच बोलत नाही. परंतु खरेही कोणी बोलत नाही.

दोष मुलीचा नव्हता. ती कष्टाळू आहे, महत्त्वाकांक्षी आहे, पुढे वैद्यकीला जाण्याची तिची मनीषा आहे, आणि आठवीपासूनच ‘फाउंडेशन’ नावाच्या वर्गाची फी तिच्या वडिलांनी हप्त्याहप्त्याने भरली आहे. तिने जे केले ते तिच्या परिस्थितीत शहाणपणाचेच होते. माझी तक्रार आहे ती आपल्या एका पक्क्या समजुतीविषयी. अभ्यास हे एक खाते आणि विचार हे दुसरे, अशी फाळणी आपण मनाशी करून टाकली आहे. गुण पहिल्या खात्यात जमा होतात. म्हणून दहावी होऊ दे, बारावी होऊ दे, प्रवेश पदरात पडू दे, मग विचाराला सारे आयुष्य आहे, असे आपण मुलांना सांगतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ज्या रीतीने अभ्यास टिकतो तीच रीत विचाराचीही पहिली पायरी आहे. आणि जी रीत विचाराला पारखी आहे, ती गुणांच्या दृष्टीनेही आतबट्ट्याची आहे.

भाचीचे विज्ञानाचे पुस्तक मी चाळले. पिवळ्या, हिरव्या व गुलाबी रंगांनी ते इतके रंगले होते की, बिनरंगाची ओळ हुडकावी लागे. ‘हा धडा चार वेळा वाचलाय,’ असे ती अभिमानाने म्हणाली. चार वेळा वाचलेला मजकूर ओळखीचा वाटतो, हे खरेच. पण ओळख पटणे वेगळे आणि आठवणे वेगळे. रस्त्यात रोज दिसणारा माणूस आपण चटकन ओळखतो, पण त्याचे नाव विचारले म्हणजे जीभ अडखळते, तद्वत् पुनःपुन्हा वाचलेले पान आपल्याला परके वाटत नाही, एवढ्यावरून ते आपले झाले असे होत नाही.

याला पुरावा आहे. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासास दिला. एका गटाने तो चार बैठकींत वाचला. दुसऱ्या गटाने एका बैठकीत वाचून पुढील तीन बैठकींत, पुढ्यात उतारा नसताना, आठवेल तेवढे कागदावर उतरवले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के मजकूर आठवला व आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. म्हणजे पहिल्या गटाची सरशी झाली. परंतु आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडे पार फिरले : वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. यातील मार्मिक भाग असा की, आठवड्यानंतरही आपल्याला पुष्कळ आठवेल असा भरवसा अधिक होता तो वाचणाऱ्यांनाच. परीक्षेच्या आदल्या रात्री वाटणारा विश्वास आणि पेपर हाती आल्यावर फुटणारा घाम यांच्यामधले अंतर या आकड्यांत पुरेपूर मावते.

वस्तुतः ही विद्या आपल्याला परकी नाही. जुन्या मराठी शाळांत ‘उजळणी’ असे, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही मुले संध्याकाळी ओट्यावर बसून एका सुरात म्हणत, ती पुस्तकात पाहून नव्हे, तर तोंडाने. कोणी अडखळला की शेजारचा पुढचा आकडा सांगे. भांडे घासल्याशिवाय उजळत नाही. नुसते फडताळातून काढून पाहिले व परत ठेवले, तर ते काळेच राहते. आज पुस्तकावरून डोळे फिरवणे याला आपण उजळणी म्हणू लागलो, ही आपली चूक. पाठांतराची जी सरसकट निंदा सुशिक्षितांत रूढ झाली आहे तीही मला म्हणूनच मान्य नाही. पाठ केलेले ज्ञान हे भांडवल आहे. तक्रार आहे ती भांडवल तिजोरीत कुलूपबंद ठेवून व्यापार न करण्याविषयी.

तो व्यापार कसा करावा, हे त्या दुपारी आमच्या दोघांच्याही ध्यानी आले. पुस्तक मिटवून मी भाचीला विचारले, ‘भिंगाची शक्ती म्हणजे काय?’ तिने तत्काळ उत्तर दिले : मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा व्यस्तांक, एकक डायॉप्टर. ‘निकटदृष्टिता?’ दूरचे अस्पष्ट दिसते. अंतर्वक्र भिंग वापरतात. उत्तरे बिनचूक होती. मग मी विचारले, ‘तुझ्या चष्म्याचा नंबर काय?’ ‘मायनस दोन.’ ‘मग त्या काचेचं नाभीय अंतर किती?’ यावर ती माझ्याकडे पाहतच राहिली. ज्या भिंगातून तिने तो धडा चार वेळा वाचला होता, ते भिंग त्या धड्यातलेच आहे, हे तिच्या कधी मनातच आले नव्हते.

कागदावर गणित मांडले गेले : अर्धा मीटर, उणे चिन्हासह. मग थोडा विचार करून ती स्वतःच म्हणाली की, फार दूरच्या वस्तूची प्रतिमा ही काच अर्ध्या मीटरवर आणून ठेवते, म्हणजे चष्म्यावाचून आपल्याला अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसत असले पाहिजे. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप आली, चष्मा उतरला, आणि मी वर्तमानपत्र धरून हळूहळू मागे सरकू लागलो. चौपन्न सेंटिमीटरच्या सुमारास अक्षरांच्या कडा विरघळू लागल्या. मला ते पुरेसे वाटले. तिला वाटले नाही. ‘पन्नास यायला हवे होते. चार सेंटिमीटर कुठून आले?’ असे तिने विचारले, आणि गाइडात नसलेला तो त्या दिवसाचा पहिला प्रश्न होता. चष्म्याचा नंबर पाव-पावच्या टप्प्याने देतात, काच डोळ्याला चिकटलेली नसते, अस्पष्टपणा एकदम न येता क्रमाक्रमाने येतो, अशी तीन कारणे आम्ही दोघांनी मिळून शोधली. चौथे असल्यास वाचकांनी शोधावे.

याच सुमारास घरातल्या कोणाच्या तरी फोनवर एक चित्रफीत आली होती : पंधरा दिवस डोळ्यांचे अमुक व्यायाम करा व चष्म्याला कायमची रजा द्या. एरवी त्या मुलीने ती पाहिली असती, आणि एक तर विश्वास ठेवला असता किंवा ‘हे सगळं फेक असतं’ म्हणून झटकून टाकले असते. या दोन्ही गोष्टी विचाराच्या नाहीत. पहिली भाबडेपणाची आहे, दुसरी आळसाची. परंतु त्या दिवशी ती म्हणाली, ‘पुस्तकात दोन कारणं दिली आहेत. एक तर डोळ्याची वक्रता वाढते, नाहीतर नेत्रगोल लांबट होतो. व्यायामानं नेत्रगोल आखूड होतो का, ते यात कुठं सांगितलंय?’ चिकित्सक विचार म्हणून ज्याचा गाजावाजा होतो तो याहून निराळा नाही. कोणतेही विधान समोर आले असता, ते खरे असेल तर आणखी काय खरे असावे लागेल, हे विचारणे. आणि हे विचारण्यास धडा तोंडपाठ असावा लागतो. ज्याला नेत्रगोल ठाऊक नाही त्याच्या शंकेला बूड नसते. ज्ञानावाचून संशय हा नुसता तुसडेपणा होय.

आपल्या शास्त्रग्रंथांची मांडणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तेथे सिद्धान्त सांगण्याआधी ‘पूर्वपक्ष’ मांडावा लागतो, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि तेही त्याच्या सर्व बळासह. प्रतिपक्षाला दुबळा रंगवून जिंकणाऱ्या पंडिताला सभेत मान नसे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत या परंपरेत वाढलेले लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे तर्कतीर्थ झाले, अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात शास्त्राधाराच्या बाजूने गांधीजींच्या साहाय्यास उभे राहिले आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. पाठांतराने त्यांची बुद्धी बांधली गेली नाही. किंबहुना ग्रंथ कंठस्थ असल्यामुळेच सनातन्यांशी त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे ते झगडू शकले. नववी-दहावीच्या मुलाने इतिहासाचा एखादा धडा संपल्यावर वहीत दोनच परिच्छेद लिहावेत : लेखकाचे म्हणणे काय, आणि त्याच्याशी वाद घालू पाहणारा हुशार मनुष्य काय म्हणेल. दुसरा परिच्छेद ज्याला लिहिता आला नाही, त्याला पहिलाही समजला नाही असे खुशाल समजावे.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. एक धडा एका दिवशी सहा तास रेटण्यापेक्षा तो दिवसांच्या अंतराने थोडाथोडा आठवावा. विसरण्याचा हिशेब एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडला, तेव्हापासून हे ठाऊक आहे. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्यापेक्षा निरनिराळ्या प्रकारची मिसळून सोडवावीत. कारण परीक्षेत उदाहरणाच्या डोक्यावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चुकांची एक स्वतंत्र वही असावी. व्यापारी जशी रोजकीर्द लिहून थांबत नाही, तर खतावणी करून कोणाकडे किती येणे हे पाहतो, तशी प्रत्येक चूक तिच्या खात्यावर मांडावी : ही आकडेमोडीची, ही प्रश्न घाईने वाचल्याची, ही मुळातच न समजल्याची. महिन्याअखेर ज्या खात्यावर बाकी फार, तेथे वसुलीस जावे.

यावर पालकांचा आक्षेप मला ऐकू येतो : हे सारे ठीक, पण गुणवत्ता यादीतली मुले गाइडेच वाचतात, स्पर्धा बिकट आहे, आणि टेप घेऊन डोळे मोजत बसायला वेळ कोणाला? आक्षेप खोटा नाही. गाइड वाचून उत्तम गुण मिळवणारी मुले मीही पाहिली आहेत. पण नीट चौकशी केली तर असे आढळते की, ती गाइड वाचून थांबत नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवतात, म्हणजे नकळत आठवण्याचाच अभ्यास करतात. शिवाय वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत बरोबर उत्तरास चार गुण देतात व चुकल्यास एक कापतात. आपल्याला काय येत नाही, हे ज्याला ओळखता येते तो तेथे गप्प राहून गुण वाचवतो. आपल्या अज्ञानाची अचूक मोजदाद हा त्या परीक्षेचा न छापलेला विषय आहे, आणि तो रंगीत पेनांनी शिकता येत नाही. वेळेविषयी म्हणाल, तर आमचा प्रयोग वीस मिनिटांत आटोपला. चौथ्या वाचनाला याहून अधिक वेळ गेला होता.

शाळांकडे आणि तपासनिसांकडे माझी मागणी माफक आहे. तासाची शेवटची दहा मिनिटे पुस्तक मिटवून द्यावीत, आणि मुलांनी शिकलेले कागदावर उतरवावे; त्याला गुण नसावेत. आणि स्वमताच्या कृतीत ज्या मुलाने मूळ विधानाशी सकारण मतभेद दाखवला असेल, त्याचे गुण निदान कापू नयेत, एवढी स्पष्ट सूचना तपासनिसांना द्यावी. दुकानातल्या मालाला गिऱ्हाईक मिळणे थांबल्याशिवाय घरचा माल कोणी तयार करणार नाही.

संध्याकाळी निघताना मी भाचीला म्हटले, ‘ते परिश्रमाचं स्वमत गाइड न बघता लिही.’ तिने पेन चावत पुष्कळ वेळ घेतला, आणि चारच ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा होता : आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी पहाटे पाचला उठतात आणि माझ्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त परिश्रम करतात. तरी त्यांचं घर पत्र्याचंच आहे. म्हणून परिश्रमाला पर्याय नसेल, पण नुसते परिश्रम पुरत नाहीत, आणि आणखी काय लागतं ते या वाक्यात सांगितलेलं नाही.

मी कागद दोनदा वाचला. ‘मामा, याला मार्क मिळतील?’ तिने विचारले. खोटे बोलण्याची वेळ नव्हती. मला ठाऊक नाही, असेच मी सांगितले. तिने कागदाची घडी केली, गाइडच्या त्याच पानात ठेवली, आणि परीक्षेत दोहोंपैकी कोणते लिहायचे हे अजून ठरवायचे आहे, असे म्हणाली.