मान घोंगडीचा

वस्त्रांवरचा विशेषांक म्हटला की पैठणी आपसूक मुखपृष्ठावर येते. या वेळी तो मान आम्ही घोंगडीला दिला आहे, आणि तो तिच्या हक्काचा आहे.

धनगराच्या खांद्यावरची ही काळी घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. लोकर कातरायची, पिंजायची, हातानं सूत काढायचं. मग सणगर समाजातला विणकर घोंगडी खड्ड्याच्या मागावर विणतो. सुताला चिंचोक्याची खळ देतात. त्यानं ते ताठ होतं, विणताना तुटत नाही. पावसात याच घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली की माळावर मेंढरांमागं उभं राहता येतं. रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण. आणि बिरोबाच्या, खंडोबाच्या पूजेतही तीच अंथरतात. उपयोग कुठं संपतो आणि श्रद्धा कुठं सुरू होते, हे वेगळं काढता येत नाही, काढूही नये.

आता मात्र मेंढपाळाला मांसासाठीची मेंढरं परवडतात, लोकरीला भाव नाही. अशा वेळी एखादी घोंगडी संग्रहालयात काचेमागं ठेवून भागणार नाही. अभ्यासकानं आधी धनगराच्या वाड्यावर जावं, कातरणाऱ्याचे हात पाहावेत, आणि वयस्क विणकरांकडून खळीचं प्रमाण नि मागाच्या प्रत्येक भागाचं नाव लिहून घ्यावं.