झूम : खरा किती, खोटा किती?

हिवाळा आला की होस्टेलवर नांदूर मध्यमेश्वरचा बेत शिजतोच. मग कुणाच्या तरी घरच्या कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा बाहेर निघतो. त्याच्या खोक्यावर ऐटीत छापलेलं असतं, '१२ एक्स झूम'! मित्रांनो, या बारामधले खरे फक्त ३. उरलेला ४ पटींचा गुणाकार डिजिटल, आणि माझ्या मते तो बंदच ठेवावा.

ऑप्टिकल झूममध्ये लेन्समधल्या काचा सरकतात, फोकल लेंग्थ वाढते आणि पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर खरोखर मोठी पडते. डिजिटल झूममध्ये काच तसूभरही हलत नाही. कॅमेरा कडेचं चित्र कापतो, मधला तुकडा ताणतो आणि मधल्या जागा शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतो. मेसच्या आमटीत पाणी ओतलं की वाट्या वाढतात, डाळ वाढत नाही. तसंच हे!

हिशोबच करा ना. ८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर २ एक्स डिजिटल केलं की लांबी-रुंदी दोन्ही निम्मी, म्हणजे उरले २ मेगापिक्सेल. ४ एक्सला सोळावा हिस्सा, जेमतेम अर्धा मेगापिक्सेल.

"मग काय बिघडलं? फोटो तर येतो!" असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं. नांदूर मध्यमेश्वर हे २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तिथे मनोऱ्यावरून दूर पाण्यात एक पांढरा पक्षी दिसतो. चमचा की बगळा? ते ठरतं चोचीच्या चपट्या टोकावरून. ते टोक सेन्सरवर उतरलंच नसेल, तर ताणून कुठून येणार? पक्ष्यांच्या नोंदीत असा अंदाज घुसला की नोंदच बाद.

ऑप्टिकल झूमही फुकट नाही बरं का. पूर्ण झूमला छिद्र एफ २.८ वरून एफ ४.९ वर गेलं, तर प्रकाश साधारण एक तृतीयांश उरतो. हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. म्हणून कोपर कठड्यावर टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा.

डिजिटल झूमची बाजूही मान्य. संगणक हाताशी नसेल आणि लगेच दाखवायचं असेल, तर सोय आहे. पण तीच कात्री होस्टेलवर परतल्यावर चालवता येते, आणि मूळ फोटो शाबूत राहतो. कॅमेऱ्याने आधीच कापलेल्या कडा परत येत नाहीत. आजचे मोबाईल अनेक फ्रेम जोडून हे काम जास्त हुशारीने करतात खरे, तरी लेन्समधून जे आलंच नाही ते शेवटी अंदाजच.

तेव्हा यंदा बस सुटण्यापूर्वी मेनूत जा आणि डिजिटल झूम 'ऑफ' करा. पक्षी फोटोत लहान दिसला तरी चालेल, पण तो खरा असू द्या.