विश्लेषण : उत्पन्न १२ लाखांच्या आत, तरी कर का? सूरजागडच्या कामगारांचे शेअर आणि कर मोजणारे सॉफ्टवेअर

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखाणीत काम करणाऱ्या अनेकांच्या हातात आता पगाराच्या चिठ्ठीसोबत डिमॅट खातेही आले आहे. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या गडचिरोली दौऱ्यात लॉयड्स मेटल्स अँड एनर्जी या कंपनीच्या कामगारांना शेअरचे वाटप झाले. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य घरोघरी पोहोचले आहे. मात्र हे शेअर विकून विवरणपत्र भरायला बसले की प्राप्तिकर पोर्टल पाच-सव्वापाच लाखांच्या उत्पन्नावरही कर दाखवू शकते. असे का होते, हा नियम कायद्याचा की सॉफ्टवेअरचा, आणि यावरून मुंबई उच्च न्यायालयात काय झाले, हे समजून घेऊ.

कराचा हिशेब नेमका कोण करते?

एका कामगाराच्या कराचा हिशेब तीन वेगवेगळ्या ठिकाणी होतो. पहिला कंपनीच्या पगार प्रणालीत. तिला फक्त पगार दिसतो आणि त्यावरून ती टीडीएस कापते. दुसरा प्राप्तिकर पोर्टलवर, विवरणपत्र भरताना. याला ‘युटिलिटी’ म्हणतात. तिसरा बंगळूरुच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात. विवरणपत्र दाखल झाल्यावर तिथली प्रणाली सगळा हिशेब पुन्हा करते आणि कलम १४३(१) खाली सूचना पाठवते. कामगाराने शेअर विकल्याचे पगार प्रणालीला कळतच नाही. त्यामुळे फॉर्म १६ मध्ये कर शून्य आणि पोर्टलवर मात्र देय रक्कम, असे चित्र दिसू शकते. यात कोणी लबाडी केलेली नसते.

हिशेबाच्या पायऱ्या कोणत्या?

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने प्राप्तिकर म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या पायऱ्या. आधी सर्व उत्पन्न गोळा करायचे, पगारातून प्रमाणित वजावट वगळायची. मग उत्पन्नाचे दोन भाग करायचे. पगार, व्याज असे साधे उत्पन्न टप्प्यांच्या दराने, तर शेअरवरील भांडवली नफा विशेष दराने. दोन्हींचा कर वेगळा काढायचा. त्यानंतर कलम ८७-ए चे रिबेट वजा करायचे, वर चार टक्के उपकर लावायचा आणि शेवटी रक्कम जवळच्या दहा रुपयांत बसवायची.

२०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत शून्य, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते १२ लाखांवर १० टक्के असे टप्पे आहेत. म्हणजे १२ लाखांच्या उत्पन्नावर ६० हजार रुपये कर ‘लागतो’च; रिबेटमुळे तो शून्य होतो. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ याचा अर्थ एवढाच आहे. उत्पन्न १२ लाख १० हजार झाले तर टप्प्यांनुसार कर ६१,५०० रुपये होतो. पण दहा हजार जास्त कमावल्याबद्दल साठ हजारांचा भुर्दंड नको, म्हणून सीमांत सवलतीने तो दहा हजारांवर आणला जातो. या पायऱ्यांचा क्रम बदलला किंवा एखादी अट चुकली तर उत्तर बदलते. वाद नेमका रिबेटच्या पायरीवर झाला.

वाद काय होता?

२०२३-२४ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कमाल २५ हजार रुपयांचे रिबेट होते. समजा एखाद्याचे पगाराचे करपात्र उत्पन्न पाच लाख आणि शेअरवरील अल्पकालीन नफा एक लाख. पगारावर दहा हजार आणि नफ्यावर तेव्हाच्या १५ टक्के दराने १५ हजार, असा एकूण कर २५ हजार. सगळ्यावर रिबेट दिले तर देय कर शून्य.

५ जुलै २०२४ रोजी युटिलिटीत बदल झाला. विशेष दराच्या उत्पन्नावरील कराला रिबेट देणे तिने बंद केले. त्याच उदाहरणात आता रिबेट फक्त दहा हजारांचे आणि उपकरासह देय कर १५,६०० रुपये. कायदा तोच, वर्ष तेच, उत्पन्नही तेच. पण ४ जुलैला भरणाऱ्याचे उत्तर वेगळे आणि ६ जुलैला भरणाऱ्याचे वेगळे. रिबेटचा रकाना सॉफ्टवेअर स्वतःच भरत असल्याने करदात्याला आपला दावा मांडायलाही जागा उरली नाही.

करतज्ज्ञांचा मुद्दा कायद्याच्या शब्दांवर होता. दीर्घकालीन नफ्यासंबंधीच्या कलम ११२-ए मध्ये रिबेट मिळणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. अल्पकालीन नफ्याच्या कलम १११-ए मध्ये तशी मनाई नाही. संसदेला मनाई करायची असती तर तिने तिथेही लिहिली असती, असा हा युक्तिवाद. विभागाचे म्हणणे वेगळे होते. नव्या प्रणालीतील रिबेट हे त्या प्रणालीच्या टप्प्यांनुसार होणाऱ्या करापुरतेच आहे, असा विभागाचा अर्थ होता.

मुंबई उच्च न्यायालयाने काय ठरवले?

‘द चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स’ या संस्थेने जनहित याचिका दाखल केली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन विलंबित व सुधारित विवरणपत्रांची ३१ डिसेंबरची मुदत वाढवण्यास सांगितले. त्यानंतर ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. २४ जानेवारी २०२५ च्या अंतिम निकालात न्यायालयाने करदात्यांना रिबेटचा दावा करता येईल अशा रीतीने युटिलिटी बदलण्याचे निर्देश दिले.

हा निकाल बारकाईने वाचायला हवा. अल्पकालीन नफ्यावर रिबेट मिळतेच, असे न्यायालयाने म्हटले नाही. तो प्रश्न त्याने कर अधिकारी आणि अपील यंत्रणेवर सोडला. ठरवले ते इतकेच की, ज्या मुद्द्यावर दोन मते संभवतात तिथे सॉफ्टवेअरने दारातच दावा अडवता कामा नये. अधिकाऱ्याने दावा फेटाळला तर त्याविरुद्ध अपील करता येते. रकानाच बंद असेल तर अपील कशाविरुद्ध करणार?

मग वाद मिटला का?

पुढच्या काळापुरता मिटला, आणि तो करदात्याच्या विरोधात. २०२५ च्या वित्त कायद्याने २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीतील रिबेट टप्प्यांच्या दराने होणाऱ्या करापुरतेच मर्यादित केले. म्हणजे आज युटिलिटी शेअरच्या नफ्यावर रिबेट देत नसेल तर ती कायद्यानुसारच वागते. मात्र १२ लाखांची मर्यादा तपासताना हा नफा एकूण उत्पन्नात धरला जातो.

मागच्या वर्षांचा गुंता मात्र राहिला. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद पीठाने २०२५ मध्ये एका प्रकरणात अल्पकालीन नफ्यावरील रिबेट मान्य केले. दुसरीकडे, आधी रिबेट मिळालेल्या काही विवरणपत्रांची प्रक्रिया दुरुस्त करून विभागाने मागणी काढली. १९ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने अशी रक्कम ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरणाऱ्यांना थकबाकीवरील व्याज माफ केले.

सूरजागडच्या कामगाराच्या हिशेबात हे कसे उतरते?

समजा एका कामगाराचा वार्षिक पगार ४ लाख ८० हजार आहे. २०२५-२६ मध्ये त्याला १०० शेअर प्रत्येकी चार रुपयांना मिळाले, तेव्हा बाजारभाव १,२०० रुपये होता. फरकाचे १,१९,६०० रुपये कायद्याने पगारातच मोजले जातात. प्रमाणित वजावटीचे ७५ हजार वगळून पगाराचे करपात्र उत्पन्न ५,२४,६०० रुपये होते. त्यावरचा ६,२३० रुपये कर रिबेटने शून्य होतो.

त्याच वर्षी त्याने ते शेअर १,३०० रुपयांना विकले. इथे खरेदी किंमत चार रुपये नव्हे तर १,२०० रुपये धरायची, कारण मधल्या फरकावर पगार म्हणून आकारणी झालेली आहे. नफा दहा हजार. अल्पकालीन नफ्याचा दर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के असल्याने कर दोन हजार, उपकरासह २,०८० रुपये. एकूण उत्पन्न ५,३४,६०० रुपये असूनही हा कर भरावाच लागतो.

खरा धोका पुढे आहे. घाईत कोणी खरेदी किंमत चार रुपये टाकली तर नफा १,२९,६०० रुपये दिसेल आणि कर २६,९६० रुपये. युटिलिटी तक्रार करणार नाही, कारण तिच्या दृष्टीने चार हाही वैध आकडा आहे. म्हणजे एकाच रकमेची दोनदा आकारणी, तीही तीन आठवड्यांच्या पगाराहून बरीच कमी नाही अशी.

तेच शेअर १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकले तर नफा दीर्घकालीन ठरतो. त्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर १२.५ टक्के. अर्थात तोवर भाव पडण्याची जोखीम असतेच. पगाराचे करपात्र उत्पन्न चार लाखांपेक्षा कमी असेल तर उरलेल्या मर्यादेत शेअरचा नफाही निवासी करदात्याला बसवता येतो.

आदिवासींना प्राप्तिकर माफ आहे ना?

हा समज सरसकट खरा नाही. कलम १०(२६) ची सूट ईशान्येकडील ठरावीक राज्ये, सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रे आणि लडाख येथील अनुसूचित जमातींच्या रहिवाशांना, तिथल्या उत्पन्नापुरती आहे. एटापल्ली तालुका पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे सूरजागडच्या माडिया कामगाराला ही सूट लागू होत नाही. कोणी ती टाकून विवरणपत्र भरून दिले तर नंतर मागणी येऊ शकते.

विवरणपत्र भरताना काय तपासावे?

वर्षाच्या आत शेअर विकले असतील तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा आयटीआर-१ मध्ये दाखवता येतो. शेअर घेण्याचा पर्याय वापरला त्या दिवसाचा भाव कंपनीने पगारात किती धरला, ते फॉर्म १६ आणि त्यासोबतच्या फॉर्म १२-बीए मध्ये पाहावे. तीच खरेदी किंमत. डिमॅटचा व्यवहार विभागाच्या वार्षिक माहिती पत्रकात दिसतोच, त्यामुळे तो लपत नाही. तिथली खरेदी किंमत मात्र जशीच्या तशी स्वीकारू नये.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ घेतो. कलमांचे क्रमांक बदलतात आणि प्रत्येक पगार प्रणाली व युटिलिटी नव्याने लिहावी लागते. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्यानुसार भरायचे आहे. मुंबईच्या निकालाचा उपयोग या बदलाच्या काळात अधिक आहे. पडद्यावरचा आकडा हे सॉफ्टवेअरने लावलेला कायद्याचा अर्थ असतो, आणि तो पटला नाही तर दाद मागण्याचा हक्क करदात्याकडे राहतो. एटापल्ली किंवा अहेरीच्या सेवा केंद्रात दुसऱ्याकडून विवरणपत्र भरून घेणाऱ्या कामगाराने ‘सबमिट’ होण्याआधी दोनच आकडे विचारून घ्यावेत : खरेदी किंमत किती धरली आणि रिबेट किती दिले.