फुकटातलं घर

शुक्रवारी ऑफिसात चहाला पुन्हा तोच विषय निघाला. "आपण टॅक्स भरायचा आणि गावाकडे लोकांना फुकटात घरं वाटायची!" बोलणारा माझा जवळचा मित्र आहे, कोडही झकास लिहितो. म्हणून तेव्हा गप्प बसलो. आज रविवार आहे, बोलून घेतो.

अल्लीपूर माझं आजोळ. वर्धा जिल्हा, हिंगणघाट तालुका, कापसाचा मुलूख. आजोबांच्या घराला लागून एक जोडपं राहतं, दोघंही शेतमजूर. 2022 च्या दिवाळीनंतर त्यांनी प्रधानमंत्री आवास योजनेतून घर बांधायला काढलं. त्या हिवाळ्यात मी दोनदा तिथे जाऊन राहिलो, लॅपटॉप घेऊन. त्यामुळे हे 'फुकट' प्रकरण जवळून बघितलंय.

आधी आकडे. 2016 साली ही ग्रामीण योजना आली तेव्हा सपाट प्रदेशातल्या घरासाठी रक्कम ठरली 1 लाख 20 हजार रुपये. शिवाय रोजगार हमीतून त्याच घरावरच्या 90 दिवसांच्या मजुरीची सोय. घर किमान 25 चौरस मीटरचं हवं, म्हणजे आपल्या सोसायटीत दोन गाड्या जेवढ्या जागेत उभ्या राहतात तेवढं. नियमाने ठेकेदार लावायचा नाही, घर लाभार्थ्यानेच बांधायचं. पैसे हप्त्याने. टप्पा पूर्ण झाला की मोबाईलवरून जिओटॅग केलेला फोटो चढतो, मग पुढचा हप्ता.

आपल्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकायला किती छान वाटतं ना? माइलस्टोन पूर्ण, पेमेंट रिलीज. पण आपल्या माइलस्टोनपर्यंत आपला पगार चालू असतो. यांचा कोण चालू ठेवणार?

आता माती बघा. अल्लीपूरची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची भिंत सोबत घेऊन हलते. म्हणून पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. यांनी तो स्वतः खणला. दादा खाली, वहिनी वर घमेली ओढायला. त्या खड्ड्यात पैसा आणि अंग दोन्ही गेलं. फोटोत काय दिसतं? जोतं. पाया किती खोल आहे हे कुठल्याच फोटोत येत नाही.

आणि हिवाळाच का? पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा 45 च्या घरात जातो, विहिरी तळाला जातात, आणि सिमेंटला तर रोज पाणी पाजायला हवं. राहिला हिवाळा. पण तोच कापूस वेचायचा हंगाम! वर्षाची रोकड याच महिन्यांत हाताशी येते. घरावर थांबले तर वेचणीची मजुरी बुडते, वेचायला गेले तर भिंत वाळते. त्यांनी तोडगा काढला : पहाटे दोघांनी बादल्यांनी भिंतींवर पाणी मारायचं, मग वहिनी वेचणीला आणि दादा मिस्त्रीच्या हाताखाली. डिसेंबरच्या थंडीत ओले हात घेऊन वहिनी कापसाच्या शेतात जायच्या. मी म्हटलं, एक दिवस नाही मारलं पाणी तर? म्हणाल्या, "भाऊजी, लेकराले उपाशी ठेवते का कोणी?"

मध्ये एक हप्ता लांबला. दोष कुणाचा ते मला माहीत नाही. पण काम पाच आठवडे थांबलं, शेवटी व्याजाने पैसे काढून स्लॅब टाकला. थंडीत सिमेंट सावकाश धरतं म्हणून मिस्त्रीने सेंट्रिंग जास्त दिवस ठेवायला सांगितलं. त्याचंही भाडं वाढलं.

आता आपल्याकडे येऊ. 2017 ते 2021 या काळात याच आवास योजनेच्या शहरी भागात मध्यमवर्गासाठी गृहकर्जाच्या व्याजावर सवलत होती. वर्षाला 18 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबालासुद्धा सुमारे 2 लाख 30 हजारांपर्यंत! मी ती घेतली. आमच्या टीममधल्या आणखी दोघांनी घेतली. त्यासाठी खड्डा खणला नाही, फॉर्म भरला. शिवाय जुन्या कररचनेत गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते, तीही दरवर्षी. त्याला आपण 'टॅक्स प्लॅनिंग' म्हणतो. अल्लीपूरला एकदाच मिळालेल्या 1 लाख 20 हजारांना मात्र 'फुकट'.

"पण आपण टॅक्स भरतो!" तेही भरतात. 2022 साली सिमेंटवर 28 टक्के जीएसटी होता (सप्टेंबर 2025 मध्ये तो 18 झाला). सळईवर 18 टक्के. दुकानदार शेतमजूर म्हणून सोडत नाही.

या योजनेत गैरप्रकार होत नाहीत असं मी म्हणत नाही. होत असतील तर पकडा. पण फसवणूक रोखायची म्हणून प्रामाणिक माणसाला आधी काम, मग पैसा अशा रांगेत उभं करायचं, म्हणजे सरकारनेच त्याला सावकाराच्या दारात नेऊन सोडायचं. जोत्याचा पैसा जोत्याच्या आधी द्या, स्लॅबचा स्लॅबच्या आधी. काळ्या मातीत पायाला वेगळी रक्कम धरा. आणि पहिला हप्ता दिवाळीच्या आत हातात पडू द्या, म्हणजे हिवाळा फुकट जाणार नाही. फुकट हा शब्द वापरायचाच असेल तर इथे वापरा.

मार्चमध्ये घर झालं. प्लास्टर बाहेरून अजून नाही. नियमाप्रमाणे घर दोघांच्या नावावर आहे. माझा फ्लॅटही आमच्या दोघांच्या नावावर आहे, पण त्यातली एक वीट कुठून आली हे मला सांगता येणार नाही.

सोमवारी चहाला मित्राला हे सगळं सांगणार आहे. चहा मात्र तो पाजणार, फुकट.